परदेशातला ‘कोर्स’ निवडण्याआधी तो वाचायचा कसा?



गेल्या दिवाळीत पंधरा दिवस गावी आले होते. गाव राहुरी तालुक्यातलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका मुलाला घेऊन घरी आले. मुलगा बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. हातातल्या फाइलमध्ये एका कन्सल्टन्सीने काढून दिलेली बारा परदेशी अभ्यासक्रमांची यादी होती. प्रत्येक ओळीत विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव, फी आणि शेवटची तारीख एवढंच.

काका म्हणाले, “पोरी, तू तिकडं शिकतेस. यातला कुठला धरावा ते सांग. घर तारण ठेवू, कमी पडलं तर एक एकर काढू.”

मुलाला विचारलं, “तुला नक्की काय करायचंय?” तो म्हणाला, “ताई, रिसर्च. आपल्या कालव्याच्या पट्ट्यातली जमीन क्षारपड होतेय ना, त्याच्यावर.”

म्हणजे प्रश्न चांगला होता आणि पोराला तो ठाऊकही होता. अडचण यादीत होती. बारा ओळी वाचून त्यातला कुठला कोर्स त्याला संशोधनापर्यंत नेईल हे मलाही सांगता येईना. मग आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो आणि एकेक कोर्स उघडून वाचला. तीन तास लागले. त्या तीन तासांत जे केलं तेच आज तुमच्यासाठी लिहून काढतेय.

हे मी मोठी शहाणी म्हणून सांगत नाही. मी स्वतः नगरच्या एका कॉलेजातून तीन वर्षांची केमिस्ट्रीची बी.एस्सी. केली आणि लगेच पाच ठिकाणी मास्टर्सला अर्ज टाकले. नावं बघून टाकले. पाचही ठिकाणांहून नकार आला. दोन ठिकाणी पदवी तीन वर्षांची म्हणून, दोन ठिकाणी गणित आणि भौतिकशास्त्राची क्रेडिट कमी म्हणून. पाचव्याने कारणच दिलं नाही. अर्जाचे पैसे गेले आणि एक वर्ष गेलं. नंतर पुण्यात एम.एस्सी. केली आणि मग जर्मनीत पीएच.डी.ला आले. ते एक वर्ष तुमचं वाचावं एवढाच हेतू.

आधी ‘कोर्स’ या शब्दाचा घोळ

आपण ‘कोर्स’ म्हणतो तेव्हा पूर्ण पदवी डोळ्यापुढे असते. ब्रिटनमध्येही बहुतेक तसंच. तिथे कोर्स म्हणजे अख्खी एम.एस्सी. आणि तिच्यातल्या एका पेपरला मॉड्यूल म्हणतात. अमेरिकेत मात्र कोर्स म्हणजे एका सेमिस्टरचा एक विषय, आणि पदवीला प्रोग्रॅम म्हणतात. जर्मनी, नेदरलँड्समध्ये इंग्रजीतल्या पानांवर प्रोग्रॅम आणि मॉड्यूल हे शब्द दिसतात.

याने काय बिघडतं? आमच्या यादीतला एक ‘सॉइल सायन्स कोर्स’ प्रत्यक्षात एका उन्हाळी शाळेतला तीन आठवड्यांचा विषय निघाला. शिकायला तो चांगलाच असेल, पण त्याने पदवी मिळत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हे पूर्ण केल्यावर हातात काय पडणार? पदवी, डिप्लोमा की नुसतं प्रमाणपत्र?

कोर्सचे प्रकार

संशोधनाकडे जाणाऱ्याने ढोबळमानाने पाच प्रकार ओळखले पाहिजेत.

१. पूर्वतयारीचे कोर्स. फाउंडेशन, प्री-मास्टर्स, ग्रॅज्युएट डिप्लोमा अशी त्यांची नावं. पदवी कमी पडत असेल तर ती भरून काढायला हे असतात. गरज नसताना घेतले तर वर्ष आणि फी दोन्ही वाया.

२. शिकवण्यावर भर असलेली मास्टर्स. वर्ग, परीक्षा, प्रोजेक्ट. नोकरीसाठी उपयोगी. काहींमध्ये प्रबंध असतो, काहींमध्ये त्याऐवजी इंटर्नशिप किंवा कंपनीचा प्रोजेक्ट.

३. संशोधनावर भर असलेली मास्टर्स. ब्रिटनमध्ये एम.रेस. नावाची पदवी असते, तिच्यात बराच काळ संशोधनाचा असतो. युरोपातल्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.मध्ये साधारण शेवटचं सेमिस्टर पूर्ण प्रबंधाचं असतं.

४. थेट पीएच.डी. अमेरिकेत बॅचलर पदवीनंतरही पीएच.डी.ला अर्ज करता येतो. मास्टर्स वाटेत होऊन जाते.

५. पदवी नसलेलं संशोधन. जपानमध्ये ‘रिसर्च स्टुडंट’ म्हणजे केनक्युसेई. नाव ऐकून वाटतं पीएच.डी.च आहे, पण ही पदवीची नोंदणी नसते. प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत प्रवेश परीक्षेची तयारी करायची, पास झालात की मास्टर्स किंवा डॉक्टरेटला प्रवेश. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर जाणारे अनेक जण अशीच सुरुवात करतात. मार्ग चांगला आहे, फक्त काय घेतोय हे माहीत हवं.

काकांच्या यादीतले बारा असे निघाले: तीन पहिल्या प्रकारातले किंवा नुसत्या प्रमाणपत्राचे, चार प्रबंध नसलेले, दोन ठिकाणी प्रवेशाची अट मुलाकडून पूर्ण होत नव्हती. उरले तीन.

क्रेडिटचा हिशेब

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, चौथीतली आहे.

युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिट पद्धत चालते. पूर्ण वेळ शिकणाऱ्याचं एक वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस. एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. यात वर्गातले तास, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. म्हणून दोन वर्षांची मास्टर्स १२० ईसीटीएसची.

ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तास. तिथली एका वर्षाची एम.एस्सी. १८० क्रेडिटची असते. आकडा मोठा दिसतो, पण दोन ब्रिटिश क्रेडिट म्हणजे एक ईसीटीएस. म्हणजे १८० चे झाले ९०. युरोपातल्या दोन वर्षांच्या १२० शी तुलना केली तर ३० कमी. उद्या पीएच.डी.साठी युरोपात दुसरीकडे अर्ज करताना हा फरक कोणीतरी विचारू शकतं.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमधले १५ तास आणि प्रॅक्टिकलचं ३० तास. हे वर्गातले तास आहेत, घरचा अभ्यास यात धरलेला नाही. त्यामुळे ‘माझी वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे ४० ईसीटीएस’ असं समजू नका. आपलं पूर्ण वेळेचं एक वर्ष साधारण ६० ईसीटीएसच्या बरोबरीने मोजलं जातं.

क्रेडिट बघताना खरी गोष्ट शोधायची ती ही: एकूण क्रेडिटपैकी प्रबंधाला किती? १२० पैकी ३० किंवा त्याहून जास्त प्रबंधाला असतील तर तो कोर्स तुम्हाला संशोधन शिकवेल. १० किंवा १२ असतील तर तो प्रोजेक्ट रिपोर्ट आहे. पीएच.डी.च्या मुलाखतीत पहिला प्रश्न प्रबंधावरच येतो, तेव्हा सांगायला काहीतरी हवं.

कोर्सच्या नावावर जाऊ नका, मॉड्यूल हँडबुक उघडा

युरोपातल्या बहुतेक कोर्सचं एक मॉड्यूल हँडबुक असतं, पीडीएफमध्ये. कधी चाळीस पानं, कधी दोनशे. त्यात प्रत्येक विषयाला एक-दोन पानं: काय शिकवतात, किती क्रेडिट, परीक्षा कशी, शिकवतं कोण आणि आधी काय येत असलं पाहिजे. जाहिरातीचं पान विसरा आणि हे वाचा.

आमच्या पोराचा प्रश्न क्षारपड जमिनीचा. आपल्या भागात हा प्रश्न कसा तयार झाला ते तुम्हाला माहीतच आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, ऊस आला, कारखाने आले. काळ्या जमिनीत पाणी मुरून बाहेर पडायला वेळ लागतो. वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं, निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात. काही ठिकाणी जमीन चोपण होते, पाऊस पडला की चिकट आणि वाळली की दगड.

याचा अभ्यास करायचा तर काय यायला हवं? मातीचं रसायनशास्त्र, मातीतून पाणी कसं वाहतं त्याचं भौतिकशास्त्र, भूजल, थोडं रिमोट सेन्सिंग आणि भरपूर संख्याशास्त्र. आम्ही हे पाच शब्द कागदावर लिहिले आणि प्रत्येक हँडबुकमध्ये शोधले. ‘सस्टेनेबल ॲग्रिकल्चर’ असं आकर्षक नाव असलेल्या एका कोर्समध्ये पाचपैकी एकच सापडला, बाकी सगळं मार्केटिंग आणि धोरण. उलट नावात ‘माती’ नसलेल्या एका पाण्याच्या कोर्समध्ये चार सापडले.

असा एक कोर्स उदाहरणादाखल सांगते. भूजल आणि जागतिक बदल या विषयावर ‘ग्राउंडवॉच’ नावाची इरॅस्मस मुंडस मास्टर्स आहे. ती पोर्तुगालमधलं लिस्बन, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि जर्मनीतलं ड्रेस्डेन अशा तीन ठिकाणच्या संस्था मिळून चालवतात. नगर जिल्ह्यासारख्या बेसाल्टच्या, विहिरी-बोअरवर जगणाऱ्या भागातल्या विद्यार्थ्याला यातले विषय परके वाटणार नाहीत. इरॅस्मस मुंडसचे असे कितीतरी विषयांचे जोड-कोर्स आहेत आणि निवड झाली तर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे महिना १,४०० युरो शिष्यवृत्ती मिळते, फी वेगळी भरावी लागत नाही. स्पर्धा तगडी असते, पण अर्ज करायला फी बहुधा नसते.

प्रवेशाची अट: तुमची मार्कशीट त्यांच्या भाषेत

‘संबंधित विषयातली पदवी’ असं लिहिलेलं दिसलं की आपण खूश होतो. खाली बारीक अक्षरात असतं: गणित व संख्याशास्त्र इतकी क्रेडिट, रसायनशास्त्र इतकी, भूविज्ञान इतकी. मी इथेच आपटले होते.

उपाय सोपा आहे. एक तक्ता करा. डावीकडे त्यांच्या अटी, उजवीकडे तुमच्या मार्कशीटमधले विषय, तास आणि क्रेडिट. जिथे उजवी बाजू रिकामी राहते तिथे दोन मार्ग. एक, अर्जाआधी तो विषय भरून काढा. स्वयम आणि एनपीटीईएलवर संख्याशास्त्र, जीआयएस, भूजल असे विषय आहेत, परीक्षा दिली तर प्रमाणपत्र मिळतं. दोन, कोर्सच्या समन्वयकांना थेट ईमेल करून विचारा की हे चालेल का. चार ओळींचं, तक्ता जोडलेलं ईमेल पाठवा. उत्तर बऱ्याचदा येतं.

बी.एस्सी. ॲग्रीवाल्यांसाठी दोन खास गोष्टी. तुमची पदवी चार वर्षांची आहे, म्हणजे शाळेपासून मोजली तर सोळा वर्षं पूर्ण. अमेरिकेत अनेक विद्यापीठं हेच बघतात. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांना तिथे अडचण येऊ शकते, जर्मनीत मान्यताप्राप्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी अनेक ठिकाणी चालते. दुसरी गोष्ट, गावात ‘कृषिदूत’ किंवा ‘कृषिकन्या’ म्हणून जे सेमिस्टर काढलंत ते ट्रान्सक्रिप्टमध्ये नुसतं नावाने येतं. परदेशातल्या प्रवेश समितीला त्याचा अर्थ कळत नाही. ते सेमिस्टर गावात राहून माती परीक्षण, पीक पाहणी आणि शेतकऱ्यांशी काम करण्याचं होतं हे अर्जात दोन वाक्यांत लिहा. तो तुमचा फील्डवर्कचा अनुभव आहे, वाया घालवू नका.

८ सीजीपीए म्हणजे तिकडचे किती?

जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण बदलायला तिथे एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वाधिक शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला, सर्वाधिक गुण वजा पास होण्याचे किमान गुण, याने भागा. तीनने गुणा. एक मिळवा.

समजा तुमचे १० पैकी ८ आहेत आणि पास व्हायला किमान ४ लागतात. २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. आता समजा तुमच्या विद्यापीठात पास व्हायला ५ लागतात. २ भागिले ५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२. सीजीपीए तोच, उत्तर वेगळं! म्हणून किमान पास श्रेणी किती हे मार्कशीटच्या मागे छापलंय का ते बघा, नसेल तर विद्यापीठाकडून लेखी घ्या. अनेक कोर्समध्ये २.५ ची रेषा असते, तिथे हा फरक कामाला येतो.

पीएच.डी.मध्ये कोर्स असतात का?

देशागणिक उत्तर वेगळं.

भारतात यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं. अमेरिकेत पहिली साधारण दोन वर्षं विषय शिकण्यात जातात, मग पात्रता परीक्षा, मग पूर्ण वेळ प्रबंध. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी थेट संशोधन सुरू होतं. जर्मनीत दोन पद्धती: एका प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतंत्र पीएच.डी., किंवा ग्रॅज्युएट स्कूलमधली, जिथे काही कोर्स आणि सेमिनार ठरलेले असतात. विज्ञानात पीएच.डी.ची जागा ही बऱ्याचदा नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, पगार मिळतो. तेव्हा ‘पीएच.डी.ची फी किती’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘जागा कुठे निघाली आहे’ हा विचारा.

कोर्सवर्क म्हणजे संशोधनाआधीचा अडथळा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. इथे मला एका विद्यार्थ्याचं उदाहरण आठवतं. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. पदवी अर्थशास्त्राची घ्यायची होती. त्या काळात त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद अशी आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक.

जरा थांबून ही यादी परत वाचा. जवळपास निम्मे विषय मुख्य विषयातले, बाकीचे बाहेरचे. त्या चार मानववंशशास्त्राच्या विषयांचं काय झालं? ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आज शंभराहून अधिक वर्षांनी तो निबंध जगभर अभ्यासला जातो. तो त्यांच्या अर्थशास्त्राच्या पदवीचा प्रबंध नव्हता, वर्गातला निबंध होता.

याचा अर्थ सगळ्यांनी साठ कोर्स घ्यावेत असा नाही. पण परदेशी विद्यापीठात दुसऱ्या विभागाचा विषय घेता येतो, नुसतं बसून ऐकताही येतं, हे लक्षात ठेवा. कोर्स निवडताना ‘ऐच्छिक विषय किती आणि दुसऱ्या विभागातून घेता येतात का’ हे बघा. मी स्वतः पहिल्या वर्षी संख्याशास्त्र विभागातला एक विषय घेतला. माझ्या प्रबंधाचा निम्मा हिशेब आज त्यावर उभा आहे.

परत आल्यावर पदवी चालेल का?

हा प्रश्न जाण्याआधी विचारायचा असतो. ओळखीतल्या एकाने कर्ज काढून परदेशातल्या एका खासगी संस्थेतून मास्टर्स केली. परत आल्यावर इथे पीएच.डी.च्या नोंदणीत ती पदवी अडकली. हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले.

परदेशी पदवीला समकक्षता देण्यासाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम काढले. संस्थेला तिच्या देशात मान्यता हवी, प्रवेशाच्या अटी आपल्याकडच्या तोडीच्या हव्यात, अशा अटी त्यात आहेत. फ्रँचायझीतून घेतलेली पदवी त्यात बसत नाही. वैद्यकीय, फार्मसी, कायदा, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्यांचे नियम वेगळे. ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सबद्दल पूर्वी फार गोंधळ होता. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटनमध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, तेव्हापासून तो बराच कमी झालाय. तरी तुमच्या कोर्सबद्दल स्वतः खात्री करा.

पैशाचं

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण सगळीकडे नाही असं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे साधारण बारा लाखांच्या आसपास. ते पैसे तुमचेच असतात, महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करावे लागतात. ‘जर्मनीत फुकट’ हे वाक्य ऐकून निघालेले इथेच अडकतात. शिवाय भारतीयांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, ते आधी करा.

घर किंवा जमीन पणाला लावण्याआधी शिष्यवृत्त्या बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथीची, ती सयाजीराव गायकवाडांच्याच नावाने आहे. इतर मागास आणि खुल्या प्रवर्गासाठीही योजना आहेत. अकोल्यासारख्या तालुक्यातल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती भूमिहीन शेतमजूर आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांनाही लागू आहे. मात्र २०२२ पासून तिच्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत, म्हणजे विषय निवडताना हेही बघावं लागतं. यातल्या बहुतेकांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची, उत्पन्नाची आणि वयाची अट असते आणि ती बदलत राहते. चालू वर्षाची जाहिरात वाचा, मागच्या वर्षीचा व्हॉट्सॲप मेसेज नको.

पदवी इथली, काही महिने तिकडे

हा मार्ग आपल्याकडे कमी लोक धरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली हवामान अद्ययावत शेती आणि जल व्यवस्थापनाचं केंद्र उभं राहिलं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या या देशव्यापी प्रकल्पात विद्यार्थी आणि शिक्षकांना परदेशी संस्थांत अल्पकालीन प्रशिक्षणाची संधी होती. अशा योजना येतात आणि जातात, पण विभागात राहणाऱ्यालाच त्या कळतात.

भारतात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप आहे, ६ ते ९ महिने अमेरिकेत. जर्मनीची डाड ही संस्था दोन देशांत मिळून होणाऱ्या पीएच.डी.ला मदत करते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी विद्यापीठांना एकत्र पदवी द्यायची वाट मोकळी केली. ट्विनिंगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी विद्यापीठात घेता येतात, जोड-पदवीत दोन्हीकडची किमान ३० टक्के हवीत. तुमच्या विद्यापीठाचा असा कुठला करार आहे का, हे आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

थोडक्यात, प्रत्येक कोर्सला विचारायचे सात प्रश्न

१. शेवटी हातात काय पडतं: पदवी, डिप्लोमा की प्रमाणपत्र?
२. एकूण क्रेडिट किती आणि त्यातली प्रबंधाला किती?
३. माझ्या प्रश्नाला लागणारे विषय मॉड्यूल हँडबुकमध्ये आहेत का?
४. प्रवेशाच्या अटी आणि माझी मार्कशीट यांचा तक्ता जुळतो का?
५. शिकवणाऱ्यांपैकी निदान दोघांचं संशोधन माझ्या विषयाजवळ आहे का?
६. ही पदवी भारतात चालेल का?
७. फी, बंद खातं आणि राहणं धरून पूर्ण खर्च किती, आणि त्यातला किती शिष्यवृत्तीतून येऊ शकतो?

सातपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल तर तो कोर्स अजून वाचून झालेला नाही. उत्तर कन्सल्टन्सीकडून आलं असेल तर ते विद्यापीठाच्या पानावर पडताळा.

त्या सकाळी उरलेल्या तीन कोर्सपैकी एकाची तारीख उलटून गेली होती. पोराने उरलेल्या दोन ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं, आणि सोबत इथल्या एम.एस्सी. ॲग्रीच्या प्रवेश परीक्षेचाही. तिकडचं नाही जमलं तर राहुरीला मृदाशास्त्रात एम.एस्सी. करून मग पीएच.डी.साठी बाहेर बघायचं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, “म्हंजे एकर एवढ्यात काढायला नको?”

“एवढ्यात नको,” मी म्हटलं. “निकाल येऊ द्या. शिष्यवृत्तीची जाहिरातही निघेल. मग बसू परत.”

त्यांनी फाइल मिटली. जाता जाता मुलगा ती बारा ओळींची यादी घरीच विसरून गेला. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही तो तक्ता आखला होता, म्हणून संध्याकाळी सायकलवर परत न्यायला आला.